सव्वा पण

आखातात कामाला गेलेल्या पोराचा फोन आला की आई विचारते, जेवलास का? दोस्त विचारतात, हातात किती पडतात आणि कापून किती जातात? परमुलखात राबणाऱ्याची बरीचशी कथा ह्या दोन आकड्यांत मावते. हेच दोन प्रश्न आपण जुन्नरच्या दगडाला विचारून बघू.

मित्रांनो, जुन्नरच्या चारी बाजूंच्या डोंगरांत बौद्ध लेणी कोरलेली आहेत. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी. एवढी लेणी का? तर नाणेघाट. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल ह्याच घाटानं वर यायचा, वरचा माल खाली जायचा. आंबेगावात आहुप्याची वाट अशीच कोकणात उतरते, पण राजघराण्यानं लेख कोरला तो नाणेघाटात.

ह्या वाटेनं माणसंही आली. शिवनेरी-मानमोडीच्या लेण्यांत तीन यवनांची नावं आहेत. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडचा परदेशी. इरिल नावाच्या यवनानं पाण्याच्या दोन पोढी दिल्या. चिट नावाच्या यवनानं संघाला भोजनमंडप दिला. तिसरा चंद, त्यानं लेण्याचं गर्भद्वार दिलं. ते व्यापारी होते की कारागीर की कुणाचे नोकर, लेख बोलत नाही. पण इथं येऊन त्यांनी कमावलं, आणि कमाईतला वाटा इथल्याच डोंगरात पाणी होऊन राहिला, एवढं नक्की. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम, त्याचंही दान मानमोडीला आहे, वर्ष 46. नहपान हाही बाहेरून आलेल्यांचाच राजा.

आता कापून किती जायचं ते बघा. नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. तो जकातीचा, असं सगळा मुलूख सांगतो. दर मात्र तिथं कुठंच कोरलेला नाही. दर पाहिजे तर कौटिल्याचं अर्थशास्त्र उघडावं लागतं. ते काही सातवाहनांचं दफ्तर नव्हे, राज्य कसं चालवावं ह्याचं पुस्तक आहे. पण त्या काळच्या सरकारी डोक्यात काय चाललं होतं ते कळतं. बाहेरून येणाऱ्या मालावर किमतीचा पाचवा हिस्सा. शिवाय वाटेचा कर: मालाच्या गाडीला सव्वा पण, घोड्या-गाढवाला एक पण, गुराला अर्धा, शेळ्यामेंढ्यांना पाव, आणि खांद्यावरच्या ओझ्याला एक माष. म्हणजे पणाचा सोळावा भाग. (तिकडे रोमचं सरकार तर पूर्वेकडून येणाऱ्या मालावर चौथा हिस्सा घ्यायचं. धंदा तरी थांबला नाही.)

आता त्याच पुस्तकात मजुरी शोधा. सरकारी शेतावर राबणारे दास, कर्मकर, गुराखी ह्यांना जेवण आणि महिन्याला रोख किती? सव्वा पण. पुन्हा वाचा. एका गाडीनं रस्ता ओलांडायचा कर सव्वा पण, आणि एका माणसाच्या महिनाभर राबण्याची रोकड सव्वा पण! वरच्या टोकाला पुरोहित, सेनापती, युवराज ह्यांना वर्षाला 48,000 पण. खालच्या टोकाच्या सेवकाला वर्षाला 60. हिशेब ज्याचा त्यानं करावा.

आणि जकातीचा पैसा जातो कुठं? नाणेघाटाच्या गुहेत नागनिका राणीचा लेख आहे, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला. त्यात यज्ञांच्या दक्षिणा मोजून दिल्यात. एका यज्ञाला 11,000 गाई आणि 1,000 घोडे. एका ठिकाणी 24,400 कार्षापण. ब्राह्मणाच्या हातात पडलेली गाय न् गाय दगडावर आहे. घाट कुणी कोरला, पायऱ्या कुणी बसवल्या, ओझी कुणाच्या डोक्यावरून चढली, त्यांना काय दिलं, ह्याची एक ओळ नाही.

तरी कुणी म्हणेल, मग काय, पहिल्यापासून हे असंच. थांबा. जुन्नरच्याच लेण्यांत आणखी एक लेख आहे. संघासाठी कुणीतरी ठेव ठेवली, तिचं उत्पन्न महिन्याला यायचं. ठेव कुणाकडे? बुरुडांच्या श्रेणीकडे महिना पावणेदोन, कासारांच्या श्रेणीकडे पाव. लेखातले शब्द आहेत ‘पाउणदुक’ आणि ‘पाद’. आपण आजही पावणेदोन आणि पाव म्हणतो ते ह्यातूनच. श्रेणी म्हणजे एका धंद्याच्या लोकांची संघटना. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनं तर सात खोल्यांचं लेणं आणि पोढी दान केली. बांबू फोडून सुपं-टोपल्या विणणारा माणूस तेव्हा लोकांचा पैसा सांभाळायचा, आणि त्याच्या नावावर विश्वास होता. आज महाराष्ट्रात बुरूड अनुसूचित जातीत मोडतात. मधल्या काळात हे कुणी केलं, ह्याचा जाब मागितला पाहिजे.

नाशिकच्या लेण्यात हिशेब आणखी स्वच्छ आहे. नहपानाचा जावई उषवदात, जातीनं शक. त्यानं विणकरांच्या एका श्रेणीकडे 2,000 कार्षापण ठेवले, दर महिना शेकडा एक. वर्षाला 240 झाले. त्यातून वर्षावासातल्या 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12. ताळा बरोबर जुळतो. ह्याच माणसानं दमण, तापी, डहाणूकडच्या नद्यांवर फुकट नावा चालवल्या, गरीब वाटसरूला उताराचे पैसे पडू नयेत म्हणून. त्याला देव करू नका. ब्राह्मणांना तीन लाख गाई दिल्या तो हाच.

सोनेरी युग वगैरे मला म्हणायचं नाही. पुस्तकात दासही आहेत आणि विष्टीही आहे. विष्टी म्हणजे मजुरी न देता करून घेतलेलं काम. हाच शब्द झिजून आपल्यापर्यंत आला: वेठ. इसवी सन 150 मध्ये रुद्रदामन गिरनारच्या दगडावर फुशारकी मारतो की कर आणि विष्टी न लादता मी तलावाचा फुटलेला बांध पुन्हा बांधला. म्हणजे बाकीचे लादत होते. ती वेठ पुढं महारकीच्या नावानं आपल्या आज्या-पणज्यांच्या मानेवर बसली. सरकारी टपाल न्यायचं, साहेबाच्या घोड्यामागं पळायचं, मेलेलं ढोर ओढायचं. मजुरी म्हणून वतनाचा तुकडा आणि बलुत्याची पेंढी, आणि त्या तुकड्यावर सरकारला जुडी भरायची तीही आपणच! हातात किती पडतात आणि कापून किती जातात, ह्याचं इतकं नागडं उत्तर दुसरीकडे मिळणार नाही. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचं बिल आणलं ते ह्यासाठी. कनिष्ठ वतनं खालसा करणारा कायदा 1958 साली झाला. तोवर बाबासाहेब गेलेले होते.

लेण्याद्रीला लोक तिकीट काढून गणपतीसाठी पायऱ्या चढतात. ज्या लेण्यात तो बसवलाय तो भिक्खूंचा विहार आहे. तिथं शाखेची पोरं न्याल तेव्हा त्याच दिवशी मानमोडीलाही न्या. सोबत लेखांचं वाचन लिहून घ्या, ‘पाउणदुक’ मोठ्यानं वाचून दाखवा, आणि गावातल्या एखाद्या बुरूड म्हाताऱ्याला बरोबर घेऊन चला.