बियांविना वंश : केळीच्या मुनव्याचा मागोवा

वसई तालुक्यातल्या चांदीपहून पूर्वेला सह्याद्रीच्या अंगाने गेलो, की पावसाळ्यात कड्याकपारींवर रानकेळ, म्हणजेच चवेणी, उगवलेली दिसते. तिच्या फळात गर थोडा आणि टणक काळ्या बियाच फार. तिला मुनवे, म्हणजे बुडातून येणारे कोंब, फुटत नाहीत. कोरड्या दिवसांत पाने झडतात, कंद जमिनीत तग धरतो, काही वर्षांनी एकदाच फुलोरा येतो आणि झाड मरते. पश्चिमेला आगाशीच्या वाडीतली राजेळी केळ मात्र नेमकी उलटी : फळात बी नाही, बुडाशी मुनव्यांचा गोतावळा. चवेणी ही राजेळीची आई नव्हे, चुलत घराण्यातली. राजेळीचे आईबाप शोधायला आपल्याला समुद्रापार जावे लागते.

न्यू गिनीतल्या कुक या दलदलीच्या जागी सुमारे 7000 वर्षांपूर्वी माणूस केळी लावत होता, असे उत्खननातून दिसते. ती रानटी केळी बियांचीच. पण काही झाडांत परागाचा स्पर्श न होताही फळ भरे, आणि माणसाने अशीच झाडे निवडून त्यांचे मुनवे पुढे लावले. असे मुनवे बेटाबेटांवरून पसरत आले, तेव्हा त्या केळीची दुसऱ्या एका रानटी केळीशी गाठ पडली. त्या संकरातून कित्येक जातींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच आले. तीन संचांची समान वाटणी होत नाही, म्हणून पराग आणि अंडपेशी धड बनत नाहीत. फळातले बारीक काळे ठिपके ही न घडलेल्या बियांची खूण. मुनवा लावणारा हात नसता, तर अशा केळी बहुधा जन्मल्या तिथेच संपल्या असत्या.

राजेळीच्या मुलखातली वसई 1534 मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ऑर्ता या वैद्याने केळ्यांची दखल घेतली, तीही हिंदुस्थानातले अंजीर म्हणून. वनस्पतींनाही नर-मादी असते, हे कामेरारियस या वनस्पतीशास्त्रज्ञाने 1694 मध्ये मांडले. 1736 मध्ये लिनीयसने हॉलंडच्या काचघरात फुललेल्या केळीवर पुस्तक लिहिले आणि 1753 मध्ये तिला स्वतंत्र जात मानून नाव दिले. ती संकरित आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. मूळच्या दोन्ही रानटी जातींना 1820 मध्ये इटलीच्या कोल्लाने नावे दिली, आणि बागेतल्या केळी या दोघींच्या कमीअधिक वाट्याने घडल्या, ही मांडणी सिमंड्स आणि शेफर्ड या संशोधकांनी 1955 मध्ये केली.

विद्वानांना कोडे सुटेपर्यंत वाडीवाल्यांचे काम थांबले नव्हते. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, 1867 मध्ये विरारहून मुंबईला लोकल सुटली. राज्ये आणि बाजार बदलले, मुनवा तोच राहिला. केळीचा उभा दिसणारा बुंधा म्हणजे एकात एक बसलेल्या पानांची सोपटे. खरे खोड जमिनीतला कंदच. ठरावीक पाने झाली, की त्या कंदाचा शेंडा सोपटांच्या पोकळीतून वर चढतो आणि केळफूल बाहेर पडते. आधीची मादी फुले फळे धरतात, पुढची नर फुले गळतात. लोंगर उतरले, की आईचे आयुष्य सरते. तोवर लेक बाजूला वाढलेली असते. राजेळीची फळे सोलून, उन्हात वाळवून आगाशीत सुकेळी होतात.

आज प्रयोगशाळेत मुनव्याच्या शेंड्याचा सूक्ष्म तुकडा काढून हजारो एकसारखी रोपे करतात. 1990 च्या दशकापासून महाराष्ट्रात ग्रँड नैन ही जात अशीच पसरली. रीत जुनीच, वेग नवा. पण एकसारख्या झाडांवर एकच रोग सरसकट पडतो. ग्रो मिशेल ही जगाच्या बाजारातली जात पनामा रोगाने विसाव्या शतकाच्या मध्याला याच कारणाने मागे पडली. चवेणीचे बी डोंगरात आपोआप रुजते. राजेळीला तेही नाही. बियांसारखे तिला पिशवीत भरून ठेवता येत नाही. वसईतल्या वाड्यांच्या जागी इमारती येत असताना तिचा वंश टिकवायचा, तर कुणीतरी दरवर्षी मुनवा खणून लावत राहिले पाहिजे.