बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे : व्यापाऱ्याच्या घरातून राज्यसभेच्या उपसभापतिपदापर्यंत

नांदेड आणि लातूरच्या विहारांत बाबासाहेबांच्या सहकाऱ्यांचे स्मरण होते, तेव्हा दादासाहेब गायकवाडांचे नाव हमखास येते. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचे नाव मात्र विदर्भापुरतेच राहून गेले आहे. खरे तर राखीव जागा, बौद्धांच्या सवलती, गायरान आणि पक्षाची फाटाफूट हे आज मराठवाड्यातील कार्यकर्त्यांना छळणारे चारही प्रश्न राजाभाऊंच्या कारकिर्दीत ठळकपणे दिसतात. तरुण कार्यकर्त्यांना उपयोगी पडावी म्हणून त्यांच्या जीवनकार्याची ही ओळख.

घर आणि शिक्षण

राजाभाऊंचे पूर्ण नाव भाऊराव देवाजी खोब्रागडे. जन्म 25 सप्टेंबर 1925, चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर. वडील देवाजीबापू लाकडाचा व्यापार करणारे, गावात वजन असलेले गृहस्थ आणि बाबासाहेबांच्या चळवळीचे निष्ठावान कार्यकर्ते होते. त्या काळात आपल्या समाजात अशी सुखवस्तू घरे बोटांवर मोजण्याइतकीच. राजाभाऊंनी लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टरची पदवी घेतली. हातात पदवी होती, घरी धंदा होता. वकिली करून आणि व्यापार वाढवून आयुष्य आरामात गेले असते. राजाभाऊंनी परतल्यावर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे काम अंगावर घेतले.

चंद्रपूरची धम्मदीक्षा

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दिली, हे सर्वांना ठाऊक आहे. दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबरला, चंद्रपूरला बाबासाहेबांच्याच हस्ते दुसरा मोठा दीक्षा सोहळा झाला. त्याच्या आयोजनात देवाजीबापू आणि राजाभाऊ आघाडीवर होते. राजाभाऊंचे वय तेव्हा 31 वर्षांचे. बाबासाहेबांची प्रकृती ढासळलेली होती, तरीही ते चंद्रपूरला आले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, 6 डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यामुळे चंद्रपूरच्या दीक्षाभूमीचे महत्त्व नागपूरखालोखाल मानले जाते. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये तिथे धम्मबांधवांचा मेळा भरतो. या दीक्षाभूमीच्या परिसरात उभ्या राहिलेल्या शैक्षणिक कामामागेही राजाभाऊंचाच पुढाकार होता.

पक्षाची उभारणी

बाबासाहेबांच्या पश्चात 1957 ची निवडणूक फेडरेशनने संयुक्त महाराष्ट्र समितीबरोबर लढवली. त्या निवडणुकीत नांदेडच्या द्विसदस्य लोकसभा मतदारसंघातून फेडरेशनचे हरिहरराव सोनुले निवडून आले होते. आपल्या झेंड्याखाली नांदेडहून खासदार दिल्लीला गेला होता, हे आजच्या किती तरुणांना माहीत आहे?

3 ऑक्टोबर 1957 रोजी नागपूरला रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. एन. शिवराज अध्यक्ष झाले आणि सरचिटणीसपदाची जबाबदारी राजाभाऊंवर आली. थोड्याच काळात पक्षात ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ असे दोन गट पडले. बी. सी. कांबळे यांच्या बाजूचा शिकलेला वर्ग कायदा आणि घटनात्मक मार्गावर भर देत होता. दादासाहेब गायकवाड धोतर नेसणारे, खेड्यातल्या भूमिहीनांच्या भाषेत बोलणारे. बॅरिस्टर असलेले राजाभाऊ तेव्हा दादासाहेबांच्या बाजूने उभे राहिले. शिकलेला माणूस खेड्यातल्या माणसाला सोडून जाणार नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

6 डिसेंबर 1964 पासून पक्षाने देशभर सत्याग्रह केला. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती द्या, संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, अशा त्याच्या मागण्या होत्या. लाखो लोक तुरुंगात गेले, त्यांत बाया-बापड्या मोठ्या संख्येने होत्या. पुढे महाराष्ट्र सरकारने 14 एप्रिल 1990 पर्यंतची मागासवर्गीयांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण स्वीकारले. त्यामागे या लढ्याची पुण्याई आहे. मराठवाड्यात आजही अनेक कुटुंबे सातबाऱ्यावर नाव लागावे म्हणून तहसीलचे उंबरे झिजवत आहेत, तेव्हा हा इतिहास कार्यकर्त्याच्या तोंडी असायला हवा.

राज्यसभा आणि राखीव जागेचा पेच

राजाभाऊ 1958 ते 1964, 1966 ते 1972 आणि 1978 ते 1984 असे तीन वेळा राज्यसभेचे सदस्य होते. 17 डिसेंबर 1969 ते 2 एप्रिल 1972 या काळात ते राज्यसभेचे उपसभापती होते. रिपब्लिकन पक्षाच्या माणसाने देशाच्या वरिष्ठ सभागृहाचे कामकाज चालवावे, ही समाजाच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट होती.

इथे एक मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशानुसार फक्त हिंदू धर्मीय व्यक्तीच अनुसूचित जातीची मानली जात होती. 1956 मध्ये शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा झाला नाही. म्हणजे ज्याने उघडपणे धम्म स्वीकारला, त्याला लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागेवर उभे राहण्याचा मार्ग बंद झाला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य सरकारने नवबौद्धांना आपल्या अखत्यारीतील सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकऱ्या आणि राखीव मतदारसंघ दूरच राहिले. या कोंडीमुळे कित्येकांनी घरात बुद्धाची मूर्ती ठेवली आणि कागदावर जुनीच नोंद ठेवली. राज्यसभेत राखीव जागा नसतात. तिथे राजाभाऊ बौद्ध म्हणून, आपल्या पक्षाच्या नावाने बसले.

बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा देणारी दुरुस्ती 1990 मध्ये, विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारच्या काळात झाली. ती पाहायला राजाभाऊ हयात नव्हते. आज लातूर लोकसभा, उदगीर आणि देगलूर विधानसभा या राखीव जागांवर बौद्ध उमेदवार बौद्ध म्हणून अर्ज भरू शकतो, तो याच दुरुस्तीमुळे.

फुटीचा धडा

राजाभाऊंच्या कारकिर्दीचे गुणगान करून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. काँग्रेसशी युती करावी की नाही, या प्रश्नावर 1970 च्या सुमारास दादासाहेब आणि राजाभाऊ यांचे मार्ग वेगळे झाले. ज्या दोघांनी मिळून पक्ष सांभाळला, त्यांच्याच नावाने दोन गट झाले. 29 डिसेंबर 1971 रोजी दादासाहेबांचे निधन झाले, तरी दुरावा मिटला नाही. ‘रिपब्लिकन पक्ष (खोब्रागडे)’ असे कंसातले नाव निवडणुकीच्या नोंदींत आले. पुढे कंसातली नावे वाढतच गेली. काँग्रेसच्या दावणीला पक्ष बांधू नये, ही राजाभाऊंची भूमिका पुढच्या काळाने बरीचशी खरी ठरवली. पण बरोबर भूमिकेसाठीही पक्ष फुटला, तर भूमिका मांडायला ताकद उरत नाही, हेही त्याच काळाने शिकवले.

9 एप्रिल 1984 रोजी राजाभाऊंचे निधन झाले.

आपल्यासाठी काय?

2019 च्या लोकसभा निवडणुकीत नांदेडमध्ये वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला दीड लाखाहून अधिक मते पडली. तिथला निकाल सुमारे 40 हजारांच्या फरकाने लागला. म्हणजे निकाल फिरवण्याएवढी मते आपल्याकडे आहेत, पण जागा नाही. दुसरीकडे राखीव जागांवर उमेदवार कोण, हे मोठे पक्ष ठरवतात. निवडून आलेला माणूस समाजाचा असला तरी शब्द पक्षाचाच पाळतो.

आज नांदेड-लातूरच्या न्यायालयांत आपले वकील आहेत, बाजारपेठेत आपले व्यावसायिक आहेत, कंत्राटदार आहेत. त्यातले अनेक जण राजकारणात येतात आणि बहुतेक वेळा तिकिटासाठी येतात. राजाभाऊंकडे वकिली होती, पैसा होता, ओळखी होत्या. त्यांनी ते सारे चळवळीच्या पदरात टाकले आणि समाजाच्या स्वतंत्र पक्षाच्या बळावर पद मिळवले. आपल्या गावातला एखादा वकील किंवा व्यापारी मत मागायला दारात आला, तर त्याला एवढेच विचारा : गायरानाच्या प्रकरणात, जातपडताळणीच्या अर्जात, अत्याचाराच्या खटल्यात तुम्ही आमच्याबरोबर कधी उभे राहिलात? उत्तरावरून माणूस कळेल.