मोहाचे फूल आणि बालन्यायाचे दप्तर

1892 साली मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहफुलांविषयी स्वतंत्र कायदा केला, आणि ज्यापासून दारू गाळली जाते आणि जे आदिवासींच्या घरात अडीअडचणीला अन्न म्हणूनही उपयोगी पडते, ते हे फूल भिवंडीच्या मुलखातही अबकारी खात्याच्या निर्बंधाखाली आले. सरकारला चिंता होती महसुलाची. आईच्या उदरातील गर्भावर मद्याचा काय परिणाम होतो, हे वैद्यकशास्त्रात 1968 साली फ्रान्समध्ये लमॉइन यांनी आणि 1973 साली अमेरिकेत जोन्स व स्मिथ यांनी नीट मांडले. त्या आईला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही, कारण दारूचे परवाने देऊन खजिना भरणाऱ्या सत्तेने तिला हा धोका कधी समजावून सांगितला नव्हता. शिवाय गर्भावस्थेतील मद्यामुळे मुलाला होणारा हा विकार कोणा एका जातीजमातीचा नाही.

असा विकार असलेले मूल कायद्याच्या कचाट्यात सापडले तर काय? मुलांसाठी वेगळी न्यायव्यवस्था आपल्याकडे बरीच जुनी आहे: 1850 चा उमेदवारीचा कायदा, 1857 साली मुंबईत निघालेली डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक शाळा आणि 1924 चा मुंबई बालक अधिनियम. आज ठाणे जिल्ह्यातील विधिसंघर्षग्रस्त मुलांना भिवंडीच्या निरीक्षणगृहात आणले जाते. सोळा ते अठरा वर्षे वयाच्या मुलावर घोर अपराधाचा आरोप असेल, तर त्याची मानसिक क्षमता आणि परिणाम उमजण्याची शक्ती तपासावी, असे 2015 चा कायदा बाल न्याय मंडळाला सांगतो. पण गर्भावस्थेतील मद्यजन्य विकाराचे नाव त्या कायद्यात नाही, आणि 2016 च्या दिव्यांग कायद्यातील एकवीस प्रकारांतही नाही.

हा विकार पुष्कळदा चेहऱ्यावर दिसत नाही. अशा मुलाला म्हणावे, "गुरुवारी दहाला ये, मामाला आण, आधारकार्ड विसरू नकोस". तो तीनदा मान हलवतो आणि शुक्रवारी एकटाच, रिकाम्या हाताने येतो. पाहणाऱ्याला तो उद्धटपणा वाटतो. वस्तुतः तिसरे वाक्य कानी पडेपर्यंत पहिले त्याच्या स्मृतीतून निसटलेले असते. दरडावून विचारले, की न केलेल्या गोष्टीलाही तो 'हो' म्हणून मोकळा होतो, आणि तो होकार दप्तरात कबुली म्हणून उतरण्याचा धोका असतो. त्याला एका वेळी एकच गोष्ट सांगावी, ती त्याच्याच शब्दांत परत म्हणवून घ्यावी, आणि परिविक्षा अधिकाऱ्याने त्याच्या हाती एक कागद द्यावा, ज्यावर दहाचे घड्याळ, मामाचे चित्र आणि गुरुवारभोवती लाल वर्तुळ एवढेच असेल.