ओहायो गर्भपात वृत्तप्रकरण (२०२२)

अमेरिकेत एकाच व्यक्तीच्या सांगण्यावर आधारलेल्या गर्भपाताच्या बातमीवरून उठलेला वाद. वृत्तपडताळणीच्या चर्चेत त्याचा दाखला दिला जातो.

पार्श्वभूमी : २४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉब्स खटल्यात गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द केला. त्याच दिवशी ओहायोत सुमारे सहा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी आली. बलात्कारपीडितेलाही सूट नव्हती. शेजारच्या राज्यांतून इंडियानात येणाऱ्या रुग्णांविषयी ‘इंडियानापोलिस स्टार’ने १ जुलैला बातमी दिली. तिची सुरुवात ओहायोतील दहा वर्षांच्या गर्भवती मुलीपासून होती. ही माहिती स्त्रीरोगतज्ज्ञ केटलिन बर्नार्ड यांनी स्वतःच्या नावानिशी दिली होती. ८ जुलैला राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी भाषणात या मुलीचा उल्लेख केला आणि बातमी राजकारणात ओढली गेली.

वाद : ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे ग्लेन केसलर यांनी ओहायोतील काही बालकल्याण कार्यालयांकडे चौकशी केली, दुजोरा मिळाला नाही. बातमी एकाच स्रोतावर उभी आहे, एवढेच त्यांनी नोंदवले. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने अग्रलेखात तिच्या खरेपणावरच संशय घेतला, तर ओहायोचे ॲटर्नी जनरल डेव्ह योस्ट यांनी अशा गुन्ह्याची कुणकुणही नसल्याचे सांगितले. १३ जुलैला कोलंबसच्या न्यायालयात या मुलीवरील बलात्काराचा आरोपी उभा राहिला. मुलीच्या आईने २२ जूनलाच बालकल्याण यंत्रणेला कळवले होते आणि ३० जूनला इंडियानापोलिसमध्ये गर्भपात झाला होता, हे तपास अधिकाऱ्याच्या साक्षीतून पुढे आले. त्यानंतर केसलर यांनी आपला लेख अद्ययावत केला, ‘जर्नल’नेही दुरुस्ती केली.

महत्त्व : बालअत्याचाराच्या नोंदी गोपनीय असतात. त्यामुळे कार्यालयाचे मौन हा घटना घडली नसल्याचा पुरावा ठरत नाही. दुजोरा न मिळालेली बातमी आणि खोटी बातमी या दोन वेगळ्या गोष्टी होत. इंडियानाचे ॲटर्नी जनरल टॉड रोकिटा यांनी हा गर्भपात करणाऱ्या बर्नार्ड यांनी त्याची नोंद केली नसावी, असे सूचित केले होते. वार्ताहरांनी सरकारी कागद मागवले, तेव्हा २ जुलैचे, म्हणजे तीन दिवसांच्या मुदतीतले नोंदपत्र मिळाले. बर्नार्ड यांच्याविषयीच्या विधानाबद्दल रोकिटा यांना २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जाहीर समज दिली. त्याच वर्षी वैद्यकीय परवाना मंडळाने गोपनीयताभंगाबद्दल बर्नार्ड यांनाही समज देऊन ३,००० डॉलर दंड केला. पडताळणी करणाऱ्यांना जी माहिती अपुरी वाटली, तीच मंडळाला गरजेपेक्षा जास्त वाटली होती.