ओक, लोखंड आणि काँक्रीट

15 एप्रिल 2019 च्या संध्याकाळी पॅरिसच्या नोत्र दामचे छप्पर जळाले, मनोरा कोसळला, आणि नवे छप्पर पुन्हा ओकचेच का करायचे हा वाद पेटला. प्रश्न रास्त होता. गॉथिक कॅथेड्रलमध्ये खालून दिसते ते दगडी कमानींचे छत; लाकडी सांगाडा त्याच्या वर, काळोखात असतो. शिवाय फ्रान्सने याआधीही लाकूड सोडले होते. शार्त्रच्या कॅथेड्रलचे छप्पर 1836 मध्ये जळाल्यावर तिथे लोखंडी सांगाडा आणि तांब्याचे पत्रे आले. 19 सप्टेंबर 1914 रोजी जर्मन तोफांच्या माऱ्यात रँसच्या कॅथेड्रलची लाकडी परांची पेटली, छपरावरचे शिसे वितळून दगडी पन्हाळींच्या तोंडांतून गळू लागले. तिथे वास्तुविशारद आंरी दनो यांनी काँक्रीटचा सांगाडा उभारला.

रँसचे उदाहरण ओकच्या विरोधात दिले जाते. मला ते ओकच्याच बाजूचे वाटते. दनो जुन्या सुतारकामाचे गाढे अभ्यासक होते. महायुद्धानंतर चांगल्या लाकडाची वानवा होती, म्हणून त्यांनी सोळाव्या शतकातल्या वास्तुविशारद फिलिबेर द लॉर्मची युक्ती उचलली: लांब तुळयांऐवजी छोटे तुकडे जोडायचे. तुकडे काँक्रीटचे ओतले, पण सांध्यांत पाचरी ठोकल्या त्या ओकच्या. साहित्य बदलले, सुताराची अक्कल बदलली नाही. पॅरिसमध्ये तर लाकूड आणि ही अक्कल दोन्ही हाताशी होते. रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक त्रांतसो या वास्तुविशारदांनी 2014 मध्येच नोत्र दामच्या सांगाड्याची मोजमापे घेऊन ठेवली होती, आणि ओला ओक कुऱ्हाडीने तासणारे सुतारही होते. तासताना झाडाचा गाभा तुळईच्या मध्यावर राखतात. खोड जिथे वाकते तिथे तुळईही वाकते. सरळ चिरलेल्या फळीत धागे तुटतात, इथे ते सलग राहतात.

मनोऱ्याबद्दलचा आक्षेप अधिक जड आहे: तो मध्ययुगीन नव्हताच, वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युकने 1859 मध्ये पुरा केलेला होता, मग आपल्या काळाचा का नको? पण व्हियोले-ल-द्युकने मनोरा उभारला तो जुना मनोरा अठराव्या शतकात उतरवल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागी. 2019 मध्ये मात्र जे गेले ते तपशिलासह माहीत होते. माहीत असलेले टाकून नवे रचायला अधिक सबळ कारण हवे. सुमारे 2,000 ओक तोडले गेले, याची हळहळ मलाही आहे. मात्र जळालेला सांगाडा बहुतांश तेराव्या शतकातला होता, म्हणजे तेव्हाच्या ओकने जवळपास आठशे वर्षे छप्पर पेलले. आगीची भीती खरी, म्हणूनच नव्या सांगाड्यात आग अडवणारे आडोसे आणि पाण्याचे तुषार सोडणारी यंत्रणा बसवली आहे.