उड्डाणपूर्व तपासणीतील गाफीलपणा

उड्डाणपूर्व तपासणीतील गाफीलपणा : विमान उड्डाणास योग्य असल्याची वैमानिकाने स्वतः खात्री करून घ्यायची असताना, आजवर दोष आढळला नाही म्हणून आजही आढळणार नाही अशा भरवशावर ती तपासणी वरवर उरकणे किंवा वगळणे. या तपासणीत विमानाभोवती फिरून पंख, चाके, इंजिने आणि हवेचा दाब घेणाऱ्या नळ्या व छिद्रे पाहिली जातात. त्यानंतर कॉकपिटमध्ये चेकलिस्ट वाचून यंत्रणांची स्थिती पडताळली जाते.

चेकलिस्टची प्रथा एका अपघातातून रूढ झाली. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील राइट फील्ड येथे बोइंगचे ‘मॉडेल २९९’ हे बॉम्बफेकी विमान उड्डाण करताच कोसळले, कारण त्याचा गस्ट लॉक, म्हणजे उभ्या विमानाचे हलते नियंत्रक पृष्ठभाग वाऱ्याने आपटू नयेत म्हणून त्यांना घातलेली खीळ, काढलेला नव्हता. विमान चालविणारे मेजर प्लॉयर हिल अत्यंत अनुभवी होते, ही बाब येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

तीच चूक ७९ वर्षांनी पुन्हा घडली, आणि तिच्याइतकी तपशीलवार नोंद या विषयात क्वचितच आढळते. ३१ मे २०१४ रोजी मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्ड येथे गल्फस्ट्रीम जी-फोर जातीचे खाजगी जेट गस्ट लॉक तसाच ठेवून धावपट्टीवर धावले, वैमानिकांना ते ध्यानात आल्यावरही धाव वेळीच थांबविली गेली नाही आणि विमान धावपट्टीपलीकडील ओहळात जाऊन पेटले. त्यातील सातही जण मृत्युमुखी पडले. सुकाणू व दांडा सर्व दिशांना पूर्ण फिरवून पाहण्याची नियंत्रण-चाचणी केली असती, तर अडकलेली खीळ काही क्षणांत कळली असती. विमानातील नोंदयंत्राच्या आधारे, आधीच्या १७५ उड्डाणांपैकी केवळ दोनांपूर्वीच ही चाचणी पूर्णपणे झाली होती, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत उघड झाले. म्हणजे त्या रात्रीची चूक ही विस्मृती नव्हती. ते दोघे वैमानिक एरवी जसे वागत तसेच त्या रात्रीही वागले. खीळ असतानाही इंजिनाची शक्ती अपेक्षेपेक्षा अधिक वाढविता येत होती, हा रचनादोषही मंडळाने नमूद केला. पुढे व्यावसायिक जेट विमानांच्या २०१३ ते २०१५ मधील १,४३,७५६ उड्डाणांच्या नोंदी अभ्यासल्या असता, सुमारे १७.६६ टक्के उड्डाणांपूर्वी ही चाचणी अपुरी होती किंवा झालीच नव्हती.

बाह्य तपासणीतील ढिलाईचे ठळक उदाहरण एरोपेरू कंपनीच्या बोइंग ७५७ चे आहे. विमान धुताना स्थिर दाबाच्या छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली, ती देखभाल कर्मचारी व वैमानिक या दोघांच्याही नजरेतून सुटली, आणि २ ऑक्टोबर १९९६ च्या रात्री लिमाहून निघालेल्या विमानाची उंची व वेग दाखविणारी उपकरणे खोटी आकडेवारी देऊ लागली. नियंत्रण कक्षाला दिसणारी उंचीही विमानाकडूनच येत असल्याने तीही चुकीची होती. विमान समुद्रात कोसळून ७० जण दगावले.

‘गाफीलपणा’ हे अपघाताचे कारण मानावे की अपघातानंतर चिकटविलेले नाव, याबाबत मतभेद आहेत. कामाचा ताण, थकवा, घाई व व्यवस्थापनाची ढिलाई यांकडे अशा नावामुळे दुर्लक्ष होते, असे काही अभ्यासक मानतात.