बाहेरकाठा कुणी बांधला?

मंडळी, आज पोस्ट जरा लांब आहे. पण विषय आपल्या पायाखालच्या जमिनीचा आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

सध्या वडखळ नाक्यावर चहाला थांबलं तरी एकच विषय कानावर येतो : "तिसरी मुंबई." २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी नवनगराची अधिसूचना निघाली. त्याच वर्षी जानेवारीत अटल सेतू सुरू झाला होता, त्यामुळे मुंबई एकदम जवळ आली. भाव चढले, दलाल वाढले. अशा वेळी पेण आणि रोहा या आपल्या दोन तालुक्यांचा इतिहास एकदा उजळणी करून घ्यावा असं वाटलं.

आधी भूगोल. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला खाडी, मधे चिंचोळी पट्टी. पेणला भोगावती, नागोठण्याला अंबा, रोह्याला कुंडलिका. डोंगरात ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या, मधल्या पट्ट्यात भातशेती, खाली आगरी-कोळ्यांचा खारेपाट. भरतीचं पाणी नदीतून पार आत येतं, म्हणून बंदरंही आत झाली. पेणचं अंतोरा बंदर, नागोठणं, रोह्यासमोरची अष्टमी. भात आणि मीठ गलबतांनी मुंबईला जायचं. नागोठण्याचा सोळाव्या शतकातला दगडी पूल आणि कुंडलिकेवर नजर ठेवणारा अवचितगड सांगतात की ही वाट जुनी आणि महत्त्वाची होती.

पण खरी गंमत खारेपाटाची आहे. ही जमीन देवानं दिलेली नाही, ती माणसांनी केलेली आहे. खाडीच्या चिखलात बाहेरकाठा घालायचा, उघाडी बसवायची, पावसाच्या पाण्यानं काही वर्षं मीठ धुऊन काढायचं, तेव्हा कुठे भात उभा राहतो. बांध सांभाळायला जोळ असायचा. खांड गेली की हाक पडायची आणि ज्याची त्या बांधामागे जमीन आहे, त्यानं फावडं घेऊन हजर व्हायचं. भरती कुणासाठी थांबत नाही.

एवढं करून जमीन मात्र खोताची, सावकाराची. पीक आलं की मोठा वाटा त्यांच्या घरी. या अन्यायाविरुद्ध शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीला १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जमीन कसणंच बंद केलं. तो संप सहा वर्षं चालला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. स्वातंत्र्यानंतर खोती गेली, कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानं कसणाऱ्याला मालकी दिली. आज ज्या सातबाऱ्यावर आपण सही करायला निघालोय, त्याच्यामागे एवढा इतिहास आहे. भूदानासाठी देशभर पायी फिरलेले विनोबा भावे पेण तालुक्यातल्याच गागोद्याचे, हेही विसरू नका.

आता पाण्याचं बघा. मुळशी धरणाला सेनापती बापटांनी १९२१ पासून सत्याग्रह करून विरोध केला. धरण झालंच. पूर्वेला जाणारं पाणी टाटांनी सह्याद्रीवरून खाली आणलं आणि १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. वीज मुंबईला गेली, पाणी कुंडलिकेत आलं. म्हणून आपली नदी उन्हाळ्यातही वाहते, डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालवे निघतात, रोह्यात उन्हाळी भात होतं आणि कोलाडला राफ्टिंग चालतं. मावळातल्या लोकांनी गमावलेल्या गावांवर आपलं हे हिरवेपण उभं आहे, ही जाणीव ठेवायला हवी. त्याच पाण्याच्या जोरावर धाटावची एमआयडीसी आली. नागोठण्याला गॅस प्रकल्प आला, डोलवीला पोलाद. पगार आले, घरं पक्की झाली, पोरं शिकली. ते नाकारून चालणार नाही. पण खाडीतली मासळी कमी झाली, ही कोळीवाड्यांची तक्रारही तितकीच खरी.

पेणच्या हेटवणे धरणाची गोष्ट आणखी बोलकी. धरण आपल्या तालुक्यात, पाणी नवी मुंबईच्या नळाला, आणि आपली शेतं कालव्याची वाट बघत. याच धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ ला महामुंबई सेझबद्दल शेतकऱ्यांचं मत सरकारला विचारावं लागलं. मी तेव्हा वार्तांकनाला होतो. काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्या रांगेत उभ्या होत्या. जमीन द्यायची की नाही, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. पुढे तो सेझ बारगळला.

मग आपण जिंकलो का? अर्धवटच. सेझ गेला, पण बांधाकडे कोण बघतंय? खारभूमीचं काम सरकारकडे गेलं तसा जोळ मोडत गेला. खांड वेळेत बुजली नाही की खारं पाणी आत येतं, दोन-चार वर्षांत कांदळवन उगवतं. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण, ते तोडता येत नाही. म्हणजे कागदावर भातशेती आणि जागेवर जंगल. असा शेतकरी पडेल त्या भावाला विकणार नाही तर काय करणार? जमीन एकाच दिवसात जात नाही, ती आधी नापीक होते.

मी विकासाच्या विरोधात नाही. गणपतीचे कारखाने, पोह्याच्या गिरण्या यांवर किती घरं चालतील, हे मलाही कळतं. विकायचं त्यानं विकावं, तो त्याचा हक्क. पण आजवर प्रत्येक वेळी इथली जमीन, पाणी, मीठ मुंबईच्या गरजेप्रमाणे ठरलं. आपल्याला विचारलं गेलं ते २००८ ला, तेही लोक रस्त्यावर उतरले म्हणून. या वेळीही ग्रामसभा भरवा, नकाशा मागा, आपला गट नंबर त्यात कुठे आहे ते बघा, आणि सहीच्या आधी घरातल्या बायकांनाही विचारा.

आणि येत्या पावसाळ्याआधी एकदा बाहेरकाठ्यावर चक्कर मारून या. आजोबांनी जोळात काम केलं असेल तर त्यांच्या आठवणी इथे लिहा. ती माणसं आहेत तोवर हे लिहून ठेवायला हवं.